जुन्या एमएक्स-५ वरचे घरगुती उद्योग : आधी पाणी, वारा, ब्रेक... पॉवरचं नंतर

डर्बीकर

व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, गाडीवर घरच्या घरी नक्की काय काय केलंस, म्हणून वेगळा धागाच काढतो.

गाडी १९९१ ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर. कारखान्यातून निघाली तेव्हा ११५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आतबाहेर. हे मॉडेल फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये लोकांसमोर आलं. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपर्यंत) ॲल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी मधल्यामध्ये झोल जाणवत नाही. उघड्या छताची, दोन माणसांची, डिकीत बॅटरी आणि उरलेल्या जागेत एक बॅग.

वेग वाढवायची हौस असेल त्यांनी निराश व्हायची तयारी ठेवूनच पुढे वाचावं. टर्बो नाही. मी जे बनवलंय ते एवढ्यासाठीच, की ट्रॅकवर सलग पिदडली तरी गाडी तापू नये, थांब म्हटलं की थांबावी आणि संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर घरी यावी.

पहिलं काम गंजाचं. ते सर्वात कंटाळवाणं, म्हणून लोक टाळतात. या गाडीच्या कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या पन्हाळीत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. नळीत पाला-माती अडकली की पाणी आत तुंबतं आणि दाराखालचा सिल आतून कुजायला लागतो. वरून रंग चकचकीत, बोटाने दाबला की पापड. इथे इंग्लंडात गाडीच्या वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंमीच्या आत भार पेलणारा पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. मी आतला सिल उघडून कुजकं कापलं, नवा पत्रा जोडला, आत मेण फवारलं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. बायकोने विचारलंच, एवढे दिवस खाली नक्की काय करत होतास.

आता खरा विषय : पाणी.

हे इंजिन मुळात पुढच्या चाकांच्या माझदा ३२३ मधलं, आडवं बसणारं. तिथे पंप एका टोकाला आणि गरम पाणी बाहेर पडायची वाट दुसऱ्या टोकाला. पाणी चारही सिलिंडरांपाशी फिरून मगच बाहेर. एमएक्स-५ मध्ये तेच इंजिन उभं बसवलं. हेडची (इंजिनच्या वरच्या भागाची) मागची बाजू केबिनच्या भिंतीला जवळजवळ टेकली, तिथून जाड होज काढायला जागा उरली नाही, म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि बाहेरची वाट पुढे आणली, पंपाच्याच टोकाला. मग पाण्याचा मोठा भाग पुढूनच आत आणि पुढूनच बाहेर. मागे चौथ्या सिलिंडरकडे जेवढं पाणी हीटरची लाइन ओढेल, मुख्यतः तेवढंच फिरतं. बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीला याने काही होत नाही. लाखो गाड्या अशाच पळाल्या. पण सलग ६००० आरपीएमला ठेवलं, किंवा पॉवर वाढवली, की चौथा सिलिंडर इतरांपेक्षा गरम राहतो, आणि नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकून होणाऱ्या खडखडीची) सुरुवात तिथून होते.

उपाय जुना आणि सर्वांना माहीत असलेला : थर्मोस्टॅट मागे न्यायचा. तयार किट मिळतात. मी अडॅप्टर घरी केला. २५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, पिलर ड्रिल, हॅकसॉ, कानस. हेडवर बसणारी बाजू सपाट करायला जाड काचेवर एमरी पेपर चिकटवला आणि ठोकळा त्यावर आठच्या आकड्यात फिरवत राहिलो. मग दुसऱ्या काचेवर निळ्याचा, म्हणजे खुणेच्या निळ्या रंगाचा, पातळ हात मारायचा, ठोकळा टेकवायचा, उचलून बघायचं. निळं जिथे लागलं तो उंचवटा, तिथेच परत घासायचं. सुरुवातीला तीन-चार ठिपके दिसतात. हळूहळू ते पसरत जातात. शेवटी पूर्ण पृष्ठभागावर बारीक निळी रांगोळी उमटली की बास.

मागे वाट काढली म्हणजे पुढची बंद करावी लागते, आणि इथे एक खोच आहे. १.६ मध्ये रेडिएटरच्या पंख्याचा स्विच पुढच्या थर्मोस्टॅट हाउसिंगवर असतो. वाट बंद केली की तो स्विच साचलेल्या पाण्यात बसतो. इंजिन उकळलं तरी त्याला पत्ता लागणार नाही. म्हणून पंखा आता नव्या ईसीयूवर (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) आहे, त्याबद्दल खाली विचारलंत तर लिहीन. हीटरची लाइन मात्र मागूनच चालू ठेवायची. थर्मोस्टॅट बंद असताना तेवढंच पाणी त्याच्यापाशी हलत असतं, नाहीतर तो वेळेवर उघडत नाही.

वारा : रेडिएटरपुढून हवा आत येते खरी, पण कडेच्या फटींतून आणि खालून निसटून जाते. खालचा प्लॅस्टिकचा ट्रे तुटला म्हणून काढून टाकलेल्या गाड्या सर्रास दिसतात, आणि मालक नवा रेडिएटर शोधत हिंडत असतात. इथे घर विकायला काढलं की एजंट दारात नालीदार प्लॅस्टिकची पाटी ठोकतो. शेजाऱ्यांचं घर विकलं गेल्यावर त्यांनी ती मला दिली. त्या पाटीचे तुकडे कापून, टेपने जोडून आधी साचा केला, तो बसल्यावर १.५ मिमीच्या ॲल्युमिनियम पत्र्यात तेच आकार कापले. पत्रा आणि रेडिएटर यांच्यामध्ये फोमची पट्टी. सगळ्या कामात सर्वात स्वस्त हेच, आणि पाण्याच्या काट्यावर फरक सर्वात जास्त याचाच पडला.

ब्रेक : पुढे मूळ २३५ मिमीच्या डिस्क होत्या, नंतरच्या १.८ च्या २५५ मिमीच्या घेतल्या, त्यांच्याच कॅलिपर ब्रॅकेटसकट. मागेही १.८ च्याच, म्हणजे पुढच्या-मागच्याचं गणित बिघडत नाही. यात घरगुती काही नाही, भंगारवाल्याकडून आणले आणि बसवले.

विचारा काय विचारायचं ते.

सायलेन्सर

फोटू? त्या निळ्या रांगोळीचा तरी टाका. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बूस्टभाऊ

दादा, लेख एक नंबर, पण मनापासून सांगा, ११५ घोड्यांत मजा येते का? इथे न्यू जर्सीत माझ्याकडे १९९० ची आहे, गेल्या वर्षी घेतली. हायवेला बाजूने मिनीव्हॅन निघून जाते हो. टर्बो किट मागवायच्या बेतात आहे. एवढा घाम गाळून अश्वशक्ती शून्य वाढली हे काही पटेना.

उद्यमनगर

लय भारी काम केलंय भावा. काचेवर निळं लावून घासायचं काम आमच्या कोल्हापुरात आता नवी पोरं करत नाहीत, त्यांना सगळं व्हीएमसीवर, कॉम्प्युटरच्या मशीनवर पाहिजे. शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं दुकान वडलांपासनं हाय, म्हणून विचारतो :

ॲल्युमिनियम कुठल्या ग्रेडचं? भंगारातला ठोकळा असला तर ड्रिलला चिकटतोय आणि आटे खातोय. बोल्ट स्टेनलेसचे घातलेस काय? घातले असशील तर ॲल्युमिनियमच्या हेडात कोरडे बसवू नको. पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की पाच वर्षांनी बोल्ट निघत नाही, मुंडी तुटून हातात येती. आणि होज जिथं बसते त्या नळीला तोंडाशी उंचवटा केलायस काय? गुळगुळीत नळीवर क्लिप कितीबी आवळ, प्रेशर आलं की होज सरकतीच.

डर्बीकर

उद्यमनगर, ६०८२ चा ठोकळा आहे, दुकानातून कापून आणलेला. बोल्ट स्टेनलेसचेच, पण अँटी-सीझ (बोल्ट जाम न होऊ देणारा लेप) लावून. नळीच्या तोंडाशी वेल्डचा एक गोल थर देऊन कानशीने गोलवून घेतलाय. तुमच्याकडे लेथवर दोन मिनिटांचं काम असेल, माझ्याकडे ती अख्खी संध्याकाळ होती.

बूस्टभाऊ, मजा येते. गाडी हलकी आहे आणि वळणावर मिनीव्हॅन मागे राहते. 😀 पण तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. टर्बोला माझा विरोध नाही, टर्बो आधी लावायला आहे. साधारण १००० किलोची गाडी ताशी ११० किमीवरून थांबवायला ब्रेकना सुमारे ४७० किलोज्यूल उष्णता झेलावी लागते. १६० वरून थांबवायची तर जवळजवळ एक मेगाज्यूल. वेग दीडपटीच्याही आत वाढला, उष्णता दुपटीच्या वर गेली. टर्बोने सरळ रस्त्याच्या शेवटी तुमचा वेग वाढणार आणि ती सगळी उष्णता त्याच २३५ मिमीच्या डिस्कमध्ये ओतली जाणार.

दुसरं, १.६ चं डिफरन्शियल लहान आहे, ६ इंची. टॉर्क वाढला की बहुतेकदा पहिला बळी त्याचा. म्हणूनच टर्बोवाले १.८ चं ७ इंची शोधत फिरतात.

तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं. तुमची १९९० ची आहे म्हणता. क्रँकचं नाक आखूड आहे की लांब, पाहिलंत का?

बूस्टभाऊ

क्रँकला नाक असतं?

डर्बीकर

असतं. क्रँकशाफ्टचा पुढचा शेंडा, ज्यावर टायमिंग बेल्टची गिअर आणि पुली बसते. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ मध्ये हा शेंडा आखूड आणि त्याचा बोल्ट बारीक होता. कुणी बेल्ट बदलताना बोल्ट नीट आवळला नाही, की गिअर किंचित हलायला लागते, तिला क्रँकवर अडकवणाऱ्या चावीची (लोखंडी तुकड्याची) खाच रुंदावत जाते, टायमिंग मागे पडतं, गाडी मलूल होते. वेळेत सापडलं नाही तर क्रँकच बाद. पुढे माझदाने शेंडा लांब आणि बोल्ट जाड केला.

ओळखायला इंजिन उघडावं लागत नाही. टॉर्च घेऊन समोरून पुलीच्या मधल्या बोल्टाभोवती बघा. चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. माझी १९९१ चीच, पण आठ खाचांची आहे. ते पाहूनच घेतली.

जुनं_ते_सोनं

कारागिरीला सलाम, पण माझा सूर वेगळा लागणार, आधीच माफी असावी.

चौतीस-पस्तीस वर्षं टिकलेल्या गाड्या आता मोजक्या उरल्यात. त्यातली एक घ्यायची आणि तिचे पार्ट काढून कानशीने घासलेले ठोकळे बसवायचे, हे मला आजीची पैठणी कापून पर्स शिवल्यासारखं वाटतं. माझ्याकडे पुण्यात प्रीमियर पद्मिनी आहे. कार्ब्युरेटरच्या जेटपासून दाराच्या रबरापर्यंत सगळं मूळचं, किंवा मूळच्यासारखं. शोधाशोध होते, पैसे जातात, पण गाडी तीच राहते. खुद्द माझदाने जपानात २०१७ मध्ये या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी मूळ रूपात आणून देण्याची सेवा जाहीर केली. नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, ब्रिजस्टोनचे त्या काळचे टायर, हे सगळं पुन्हा बनवायला घेतलं. बनवणाऱ्यालाच ती मूळ रूपात हवी आहे, यातून काही घ्यावं की नाही?

सायलेन्सर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डर्बीकर

जुनं_ते_सोनं, माफी कसली. तुमच्या पद्मिनीबद्दल आदरच आहे, आमच्याकडेही घरात तीच होती.

पण दोन गोष्टी. ही गाडी पैठणी होण्याइतकी दुर्मीळ नाही. २०१६ मध्ये एमएक्स-५ चा दहा लाखांचा आकडा पार झाला. सर्व पिढ्या धरून, पण पहिल्या पिढीच्याच त्यात चार लाखांच्या वर. माझी काही खास आवृत्ती नाही. मी घेतली तेव्हा सिल कुजलेले होते, पुढचा थांबा भंगार होता. आणि मी जे काढलं ते सगळं, जुनं थर्मोस्टॅट हाउसिंग, हवा मोजायची झडपेची पेटी, २३५ च्या डिस्क, मूळ ईसीयू, चिठ्ठ्या लावून खोक्यात आहे. कुठेही शाबूत पत्रा कापलेला नाही, भोक पाडलेलं नाही. उद्या कुणाला हवं असेल तर शनिवार-रविवारात गाडी होती तशी करता येईल.

सिलचा पत्रा तेवढा नवाच राहील. तो परत कुजवता येणार नाही.

जुनं_ते_सोनं

हे खोक्याचं आवडलं. बहुतेक लोक काढलेलं पहिल्या आठवड्यात विकून टाकतात, राग त्याचाच जास्त आहे. पाण्याच्या वाटेबद्दल मात्र अजूनही म्हणेन, की ट्रॅकवर न्यायचीच नाही तर ती बदलायची गरज नाही.

डर्बीकर

याच्याशी शंभर टक्के सहमत. नुसती फिरवायची असेल तर चांगला रेडिएटर, शाबूत ट्रे आणि वेळच्या वेळी कूलंट, पुरे. मूळ रेडिएटरची वरची काळी प्लॅस्टिकची टाकी हिरवट-तपकिरी दिसायला लागली की ती तडकायच्या आधी बदला, एवढं केलं तरी रस्त्यात अडकणार नाही.

मृदुला_प्रिंटते

ब्रेकला हवा देणारे नळकांडे पुढच्या बंपरमागे बसवायचा विचार आहे का? मी मेलबर्नला आमच्या क्लबमधल्या एका एमएक्स-५ साठी तोंडाचा भाग थ्रीडी प्रिंट करून दिला होता, म्हणून विचारते.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी : पीएलए या प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये करू नका. ते ५५-६० अंशांनाच मऊ पडायला लागतं. इथल्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीतच वाकडं होतं, इंजिनजवळचं विसराच. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास नरमतं, बंपरमागे चालून जातं. रेडिएटरशेजारी किंवा बॉनेटखाली काही बसवायचं असेल तर एएसए घ्या, ते १०० पर्यंत तग धरतं आणि उन्हाने ठिसूळही होत नाही. आणि डिस्कच्या अगदी जवळचं टोक प्रिंट करूच नका, तिथे पत्राच हवा. थरांची दिशाही बघा. नळकांडं उभं प्रिंट केलं तर बोल्टाचा कान थराथरातून सुटतो. कान आडवे येतील असं झोपवून छापायचं.

डर्बीकर

मृदुला, हे फार कामाचं. माझ्याकडे सध्या फक्त पत्र्याचं टोक आणि सिलिकॉनची होज आहे, बंपरकडचं तोंड राहिलंय. चालत असेल तर फाइल व्यनि करा.

मृदुला_प्रिंटते

केली. उजवी-डावी वेगळी आहे, आरशात उलटवून चालत नाही, एका बाजूला टो हूक आडवा येतो.

आरसीबुक

धाग्यावर रंगाचा बेरंग करायला आलोय. वाचून कुणी पुण्या-मुंबईत हेच करायला निघू नये म्हणून.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कारखान्याने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. इंजिन खराब झालं आणि त्याच प्रकारचं दुसरं बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन बसवता येतं, रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घेता येते. पण टर्बो, रुंद चाकं, कापलेलं छत, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हे 'सगळेच करतात' म्हणून चालतं असं नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिला बोट तिथेच ठेवते.

इंग्लंडात याबाबत नेमकं काय आहे, डर्बीकर?

सायलेन्सर

'मोठ्या आवाजाचा सायलेन्सर' हा वैयक्तिक हल्ला समजावा का?

डर्बीकर

बरंच मोकळं आहे, पण मोकाट नाही. तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

विमा : विचारलं जाईल तेव्हा प्रत्येक बदल सांगायचा. मी यादी आणि फोटो पाठवतो, ब्रेकच्या डिस्कसकट. न सांगता दावा केला तर तो फेटाळला जाऊ शकतो. जुन्या गाड्यांचे खास विमेवाले यादी बघून फार खळखळ करत नाहीत, नेहमीचे विमेवाले 'होममेड' शब्द ऐकला की फोन होल्डवर टाकतात.

नोंदणी : फार बदल केले तर २०२५ पर्यंत गुणांचा हिशेब लागायचा. चासी किंवा बॉडीशेल मूळचा असेल तर ५, सस्पेन्शन २, ॲक्सल २, गिअरबॉक्स २, स्टिअरिंग २, इंजिन १. जुना नंबर टिकवायला किमान ८ लागायचे, आणि त्यात बॉडीशेलचे ५ असावेच लागायचे. माझ्या कामाने यातल्या एकालाही धक्का लागत नाही.

एमओटी : ऑगस्ट १९९२ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कडक चाचणी. माझी त्याआधीची, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १२०० पीपीएमपर्यंत चालतं. नंतरच्या गाड्यांना हायड्रोकार्बन २०० पीपीएम आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्येच हवा. घरी बनवलेला ईसीयू बसवणार असाल तर गाडीचं वर्ष आधी बघा, ट्यूनिंगला किती कस लागणार ते त्यावर ठरतं.

फॉर्म्युला_पोरगा

सर, ईसीयूबद्दल लिहाच. आम्ही कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडीत केटीएम ३९० चं इंजिन वापरतो, आपल्या चाकणमध्येच बनणारं. नियमाप्रमाणे हवेच्या वाटेत २० मिमीचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारी अरुंद वाट, लागतो, त्यामुळे मूळ ईसीयूचं पेट्रोलचं गणित चुकतं आणि दुसरा बसवावा लागतो. तुम्ही ओपन सोर्सवाला घेतलात का? आमच्याकडे क्रँकचा सिग्नल मधेच गायब होतो आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर गाडी खोकायला लागते. प्रोफेसर म्हणतात सॉफ्टवेअर, मी म्हणतो वायरिंग.

डर्बीकर

पोरगा बरोबर असण्याची शक्यता जास्त. 😀

हो, स्पीडुइनो. अर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा ओपन सोर्स ईसीयू. बोर्ड मागवला, पार्ट स्वतः डाग देऊन लावले, आणि मूळ ईसीयूच्या कनेक्टरला जुळणारी तार केली, म्हणजे मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) कापायला नको. कारण १.६ मध्ये हवा मोजायला झडपेची पेटी असते, इंजिन हवा ओढतं तशी आतली झडप उघडते. ती हवेच्या वाटेत आडवी बसते आणि पस्तीस वर्षांत तिचा ट्रॅक झिजलेला असतो. आता ती नाही, मॅनिफोल्डचा दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान यांवरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. एक्झॉस्टमध्ये मिक्स्चर मोजणारा वाइडबँड सेन्सर आहे. त्याच्याशिवाय घरी ट्यूनिंग करू नये, नाकाने वास घेऊन मिक्स्चर ठरवणारे उस्ताद मला तरी भेटलेले नाहीत.

तुझ्या सिग्नलचं : सेन्सरची वायर शील्डवाली घे, शील्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला, ग्राउंड कर. दोन्ही टोकांना केलीस तर ग्राउंड लूप होतो, शील्डमधूनच करंट वाहतो आणि सिग्नलमध्ये गोंगाट येतो. इग्निशन कॉइलच्या तारेशेजारून नेऊ नको. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांड. ईसीयूचं आणि कॉइलचं ग्राउंड इंजिनच्या एकाच जागी आण. एवढं करून लॉग काढ. तुटणारा सिग्नल आरपीएमच्या आलेखात सुईसारखा दिसतो. ठरावीक आरपीएमला तुटत असेल तर सेन्सर आणि चाकामधलं अंतर बघ, खड्ड्यात तुटत असेल तर कनेक्टर.

फॉर्म्युला_पोरगा

शील्ड दोन्ही टोकांना ग्राउंड आहे सर. आत्ता जाऊन बघून आलो. प्रोफेसरांना कसं सांगू हा वेगळा प्रश्न.

उद्यमनगर

लॉग दाखव. तोंडानं सांगू नको.

जुनं_ते_सोनं

अवांतर : इकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्या बदलून नव्या घातल्या, नाहीतर त्या मऊ पडून पाझरतात. म्हणजे मूळचं मूळचं म्हणणाऱ्यालाही नळ्या आधुनिक घालाव्या लागल्या. डर्बीकरांच्या हातात कोलीत देतोय याची कल्पना आहे.

डर्बीकर

वापरणार नाही. 🙏 इथेही सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. मी सुपर घालतो, त्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच. शिवाय ऑक्टेन जास्त, म्हणजे ठिणगीचं टायमिंग पुढे घेता येतं.

बूस्टभाऊंसाठी यातच एक फुकटचा उपाय आहे. मूळ टायमिंग १० अंशांवर असतं. डायग्नोसिस बॉक्समधले टीईएन आणि जीएनडी तारेने जोडा, टायमिंग लाइट लावा, हेडच्या मागच्या कॅम अँगल सेन्सरचा १२ मिमीचा बोल्ट सैल करा आणि सेन्सर फिरवून १४ वर आणा. पाना आणि लाइट, बाकी खर्च शून्य. खालच्या आरपीएमला गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. अमेरिकेत पंपावरचा ९३ चा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात, आमच्याकडच्या साधारण ९८ च्या बरोबरीचा असतो, तेव्हा ते भरा. चढावर खडखड ऐकू आली तर लगेच मागे घ्या. त्याआधी क्रँक बघा मात्र. तिथे झोल असेल तर टायमिंगची खूण बघून काही उपयोग नाही.

बूस्टभाऊ

बघितला. टॉर्च मारून दोनदा मोजल्या.

चार खाचा.

सायलेन्सर

अरेरे.

डर्बीकर

घाबरू नका. आखूड नाकाच्या कितीतरी गाड्या व्यवस्थित पळतायत. चार खाचा म्हणजे काळजी घ्यायची, एवढंच. आत्ता लक्षणं काय आहेत? इंजिन चालू असताना पुली डगमगताना दिसते का?

बूस्टभाऊ

डोळ्यांना दिसत नाही. पण गाडी मलूल आहे असं मला पहिल्यापासून वाटत होतं, मी ११५ घोड्यांना दोष देत होतो. आधीच्या मालकाने बेल्ट बदलल्याची पावती आहे, कुणी बदलला ते नाही.

उद्यमनगर

डोळ्यानं दिसलं म्हणजे खेळ संपला समज. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचा काटा) लाव. चुंबकाचं स्टँड ब्लॉकच्या लोखंडी भागाला, टोक पुलीच्या कडेला, प्लग काढून इंजिन हातानं एक फेरा फिरव. काटा किती हलतोय बघ आणि लिहून ठेव. मग बाहेरचा रबरवाला भाग सोडून मधल्या बॉसवर टोक ठेवून परत एकदा. बाहेर हलला आणि मधे नाही हलला तर पुलीचं रबर गेलंय, क्रँक वाचला. मधेबी हलला तर पुली काढ, चावी बघ. चावीच्या कडा धारदार हव्यात. गोल झाल्या असतील, खाचेत पायरी पडली असेल, तर फोटो टाक, मग बोलू. तिकडं वेल्डिंग करून चावीची नवी खाच पाडणारा कोण मिळंल काय म्हाईत नाही, पण थोडा झोल असला तर नवी चावी, नवी गिअर आणि लॉकटाइट ६६० (फट भरणारा गोंद) लावून बसवायची रीत हाय, या गाडीवाल्यांत ती जुनी आहे.

आणि बोल्ट नवा घाल. जुना परत वापरू नको.

बूस्टभाऊ

डायल गेज मागवला. पुली काढायचीच आहे तर बेल्ट आणि पाण्याचा पंपही बदलून टाकतो. टर्बोवाल्याला ईमेल करून थांबायला सांगितलंय.

डर्बीकर

पंपाबरोबर टेन्शनरची स्प्रिंग आणि क्रँक-कॅमचे पुढचे ऑइल सील पण मागवा, तिथपर्यंत पोचल्यावर परत मागे फिरायला नको. शिवाय मागे कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग. ती जवळजवळ प्रत्येक गाडीत गळते आणि तेल थेट हीटरच्या होजवर पडतं. एक जाणतं सांगणं : बेल्ट काढायच्या आधी दोन्ही कॅमच्या गिअरवर आय आणि ई या खुणा वर आहेत का ते बघून फोटो काढून ठेवा. बेल्ट सुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडत नाहीत, पण एक दात चुकला तर परत सगळं खोलावं लागेल.

बूस्टभाऊ

ओके दादा. शनिवारी खोलतो. निळं कुठे मिळतं तेही सांगून ठेवा, पंपाचा फेस बघून घेईन म्हणतो.

उद्यमनगर

पंपाला गॅस्केट असतंय रे. तिथं निळं नको, जुनं गॅस्केट नीट खरवडून काढ. ब्लेड आडवं धर, ॲल्युमिनियम ओरखडू नको.

सायलेन्सर

फोटू???

डर्बीकर

टाकतोय, टाकतोय. अपलोड होतायत.